मत देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ‘सिव्हिलायझेशन ६’ (थोडक्यात ‘सिव्ह’) या देश घडवायच्या व्हिडिओ गेममध्ये तू विज्ञानाच्या वाटेने जिंकायला चालला होतास. मंगळाची मोहीम तयार होत होती, एकही शहर हातचं गेलं नव्हतं, सैन्यही सगळ्यांत मोठं तुझंच होतं. आणि एका टर्नला, म्हणजे एका पाळीला, पडद्यावर आलं की कॅनडा जिंकला, तेही डिप्लोमॅटिक व्हिक्टरीने, म्हणजे लढून नाही, मुत्सद्देगिरीचे गुण जमवून. तुझ्या सीमेवर त्यांचा एक सैनिक आला नव्हता. हे न्याय्य आहे का, आणि खऱ्या जगात असं कुणी जिंकतं का, असं तू विचारलं आहेस.

उत्तर आधी सांगते. तू हरलास ते न्यायानेच हरलास. पण ज्या नियमाने हरलास तो वास्तवाला धरून नाही, आणि ‘न लढता जिंकला’ हे त्याचं कारण नाही. न लढता माणसं रोज जिंकतात. खोट दुसरीकडे आहे. त्या खेळात मत देणाऱ्याला मत देऊन स्वतःसाठी काही मिळवायचंच नसतं.

१४ वर्षं मी खेळांचे नियम लिहिते आहे. आधी मोबाइलवरच्या स्ट्रॅटेजी खेळांचे लिहायचे, आता बहुतेक टेबलावर खेळायच्या खेळांचे, इथे नाशिकमध्ये बसून. मतदानाचा नियम या काळात पाच-सहा वेळा तरी लिहिला असेन, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो मोडून पुन्हा लिहावा लागला. म्हणून या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत.

न्यायाचं आधी बघू, कारण ते लवकर आटोपतं. खेळातला न्याय माझ्या लेखी दोन गोष्टींवर तोलला जातो: धोका आधी दिसला का, आणि दिसल्यावर काही करता येत होतं का. कॅनडाचे गुण जागतिक क्रमवारीच्या पडद्यावर पहिल्यापासून उघडे होते. २०१९ मध्ये ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हा खेळाचा विस्तार आला तेव्हा या विजयाला १० गुण पुरायचे, नंतरच्या एका अपडेटमध्ये ते २० केले. म्हणजे वाट दुप्पट लांब झाली आणि इतरांना जागं व्हायला तितकाच जास्त वेळ मिळाला. वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे सगळ्या देशांची मतदानाची सभा, साधारण वेगाच्या डावात दर ३० टर्नला भरते. डावाच्या उत्तरार्धात तिथे एक ठराव येतो, त्यात एखाद्याला २ गुण द्यायचे किंवा त्याचे २ कापायचे हे मतांवर ठरतं. तेव्हा तुझ्याकडे डिप्लोमॅटिक फेवर, म्हणजे मतं विकत घ्यायचं चलन, किती शिल्लक होता? माझा अंदाज आहे की तो तू आधीच सोन्याच्या बदल्यात विकून टाकला होतास. बहुतेक विज्ञानवाले तेच करतात. कॅनडा साठवत होता, तू विकत होतास. तो पराभव तू शेवटच्या टर्नला नाही, शंभर टर्न आधीच पत्करला होतास.

त्यातल्या एका नियमाचं मला मनापासून कौतुक आहे. पहिलं मत फुकट आणि पुढचं प्रत्येक मत आधीच्यापेक्षा महाग. त्यामुळे श्रीमंताला सगळंच विकत घेता येत नाही. कुठल्या ठरावावर जीव टाकायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे त्याला ठरवावं लागतं. खऱ्या वाटाघाटींचा हा धागा त्यांनी नेमका पकडला आहे.

पण गुण मिळतात कशाचे ते बघ. ठराव ज्या बाजूने लागला त्या बाजूला आपलं मत असेल तर एक गुण. म्हणजे वारा कुठे वाहतोय ते ओळखून तिकडे तोंड करणाऱ्याला बक्षीस. कुणाला पटवावं लागत नाही, स्वतःचं काही सोडावं लागत नाही. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी बांधला की ४ गुण, म्हणजे विजयाचा पाचवा हिस्सा दगड-तांब्यातून. पुतळा उभारल्याने शेजाऱ्याचं मन वळत नाही. हे मुत्सद्देगिरीच्या नावाखाली बांधकामच झालं.

हा दोष त्या मालिकेत जुना आहे. ‘सिव्हिलायझेशन ३’ मध्ये संयुक्त राष्ट्रांची इमारत बांधायची, प्रतिस्पर्धी उमेदवाराविरुद्ध बाकीच्यांना युद्धात ओढायचं आणि लगेच मतदान लावायचं. त्याच्याशी लढणारे त्याला मत कसं देतील? चौथ्या भागाच्या ‘बियाँड द स्वोर्ड’ या विस्तारात अपोस्टोलिक पॅलेस ही इमारत आली. तिथे प्रत्येक देशाच्या एका तरी शहरात आपला धर्म पोचवला की धर्माच्या नावाने विजयाचं मतदान मागता यायचं. समोरच्याने तो धर्म मनापासून मानलेला असो वा नसो. पाचव्या भागात तर शेवटच्या काही टर्नमध्ये नगरराज्यांवर, म्हणजे एकेका शहराच्या छोट्या राज्यांवर, सोनं ओतायचं आणि जिंकायचं, हा सरधोपट मार्ग होता. मोठे देश आपलं मत स्वतःलाच देणार हे ठरलेलं, त्यामुळे सगळी मदार या छोट्या नगरराज्यांवर. आणि त्यांची किंमत सगळीकडे एकाच चलनात.

याहून जुन्या दोन खेळांना हे जास्त कळलं होतं असं मला वाटतं. १९९३ च्या ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये आकाशगंगेची परिषद भरते. लोकसंख्येच्या प्रमाणात मतं, दोन उमेदवार, आणि दोन-तृतीयांश मतं पडली की निकाल. पण निकाल आपल्या विरोधात गेला तर ‘मान्य नाही’ म्हणायची सोय आहे. तसं म्हटलं की बाकीचे सगळे एक होऊन आपल्यावर चाल करून येतात. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’मध्ये सर्वोच्च नेत्याला तीन-चतुर्थांश मतं लागतात, आणि तिथेही न जुमानणारा उभा राहू शकतो. हा एक पर्याय ठेवला की सगळा डाव बदलतो. मत देणारा नुसता हात वर करत नाही, वेळ आली तर त्या मतासाठी लढायची जोखीमही घेतो. आणि हरणाऱ्याचा डाव एका खिडकीने बंद होत नाही. झुकायचं की एकट्याने झुंजायचं हा शेवटचा निर्णय त्याच्याच हातात राहतो. तुझ्या डावात असा पर्याय असता, तर तुझ्या त्या मोठ्या सैन्याला काही अर्थ उरला असता. तुझी खरी तक्रार हीच असावी, आणि ती रास्त आहे.

आता वास्तवाचं. संयुक्त राष्ट्रांचा नेता झाला म्हणजे जग जिंकलं, ही कल्पनाच मुळात उलटी आहे. सरचिटणीसाकडे स्वतःचं सैन्य नसतं. त्याचं नाव सुरक्षा परिषद सुचवते आणि आमसभा नेमणूक करते. १९९६ मध्ये बुट्रोस बुट्रोस-घाली यांच्या फेरनिवडीला १५ पैकी १४ सदस्यांची मतं होती. विरोधात एकटी अमेरिका होती, पण तिच्याकडे व्हेटो होता. संपलं. खेळाच्या हिशेबाने हा माणूस दणदणीत जिंकलेला होता.

मतांचा खरा खेळ कसा चालतो ते बघायचं तर २०१७ चं आंतरराष्ट्रीय न्यायालय बघ. न्यायाधीशाच्या शेवटच्या एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड समोरासमोर होते. आमसभा आणि सुरक्षा परिषद, दोन्हीकडे बहुमत लागतं, आणि या निवडणुकीत व्हेटो चालत नाही. आमसभा भारताच्या बाजूने, परिषद ब्रिटनच्या बाजूने, अशा ११ फेऱ्या झाल्या. कोंडी फुटेना. २० नोव्हेंबरला ब्रिटनने उमेदवार मागे घेतला, आणि मग भंडारींना आमसभेत १९३ पैकी १८३ आणि परिषदेत १५ पैकी १५ मतं पडली. तो शेवटचा आकडा बघून कुणाला वाटेल की भारताने सगळं जग जिंकलं. प्रत्यक्षात जे घडायचं ते त्या ११ फेऱ्यांत आणि त्यांच्या मधल्या दिवसांत घडलं होतं. अजून ताणलं तर आपल्याला काय किंमत मोजावी लागेल, हा हिशेब ब्रिटनने केला आणि माघार घेतली. खेळ तो शेवटचा आकडा मोजतात. त्याआधीचा हिशेब मांडायला मात्र त्यांच्याकडे जागाच नसते.

आपल्या इतिहासात याहून बोलकं उदाहरण आहे. १७८० च्या सुमारास नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणलं. चौघांनी चार बाजूंनी उठायचं असा बेत होता. सिव्हच्या भाषेत चार मतं पक्की. वॉरन हेस्टिंग्जने ती एकेक करून सोडवली. निजामाला गुंटूर परत केलं, तो थंडावला. भोसल्यांना रोकड पोचली, त्यांची बंगालवरची स्वारी तिकडेच रेंगाळली. आणि महादजी शिंदे यांच्यामार्फत मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. त्यात महादजींना दोन्ही पक्षांमधला जामीनदार म्हणून असा मान मिळाला की त्यांचं वजन कायमचं वाढलं. मराठ्यांना वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. हैदर मात्र लढतच राहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारला. आता यात कोण जिंकलं सांग. पण कुणाला काय हवं होतं ते अगदी स्वच्छ सांगता येतं. एकाला मुलूख, एकाला पैसा, एकाला वजन. प्रत्येकाची किंमत वेगळ्या नाण्यात होती, आणि ते नाणं ओळखणं हीच मुत्सद्देगिरी. ज्या खेळात सगळ्यांना एकाच भावाने फेवर किंवा सोनं देऊन मत मिळतं, तिथे हे ओळखायचं कामच उरत नाही.

हे पुस्तकातून कळलं होतं, पण अंगात मुरलं ते एका संध्याकाळी.

मी पाटाच्या पाण्यावर एक टेबल गेम लिहीत होते. पाच गावं, एक कालवा, दर आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीला, मोजकं पाणी. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी ओझरपर्यंत येतं. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून वाटप स्वतःच्या हाती घेतलं आहे. खेळाची कल्पना तिथूनच सुचलेली. पहिल्या मसुद्यात मी सिव्हचंच अनुकरण केलं होतं: जो संस्थेचा अध्यक्ष म्हणून निवडून येईल तो जिंकला. गंगापूर रोडच्या आमच्या घरी पाच जण बसलो. पाण्यासाठी शिंप्याकडून आणलेली निळी बटणं, पैशांसाठी पितळी चकत्या. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या, गावाकडे साहजिकच सर्वांत जास्त चकत्या जमल्या. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावाला माझा मावसभाऊ होता, त्याची स्वतःची द्राक्षबागही चारीच्या शेवटीच आहे. मतदान आलं. हेडवाल्याने त्याच्यापुढे सहा चकत्या ठेवल्या, मधल्या गावाने आठ. तो चकत्यांकडे बघेचना. त्याचं लक्ष आपल्यापुढच्या एकुलत्या एका निळ्या बटणावर होतं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘बाग वाळायला लागली तर या चकत्या मुळाशी ओतू का? अध्यक्ष कोण होतोय त्याच्याशी मला घेणं नाही. पुढचं आवर्तन टेलपासून सुरू करणार असेल, त्याने माझं मत घ्यावं.’

असा नियमच खेळात नव्हता. मी तिथल्या तिथे एका बिलाच्या पाठीवर लिहिला: मतं पैशाने नाही, लेखी कबुलीने मिळतील. कबुलीची चिठ्ठी मत देणाऱ्याकडे राहील, आणि अध्यक्षाने दोन आवर्तनांत ती पाळली नाही तर चिठ्ठीवाला आपलं मत काढून घेऊ शकेल. पुन्हा डाव मांडला. मधल्या गावाने टेलला शब्द दिला, निवडून आलं, आणि पहिल्याच आवर्तनाला त्याच्या स्वतःच्या वाट्याचं एक बटण कमी झालं. त्याचा हात ते बटण खाली ठेवताना क्षणभर अडखळला. माझ्यासाठी त्या संध्याकाळची खरी गोष्ट ती. सत्ता मिळाली, पण ती शब्दाने बांधलेली. त्या दिवशी ‘अध्यक्ष झाला तो जिंकला’ ही ओळ मी खोडली आणि ‘शेवटी ज्याचं पीक उभं तो जिंकला’ अशी लिहिली. एका डावात दोन गावं बरोबरीने जिंकू शकतात, हेही तेव्हाच ठरलं.

मित्रांबरोबर खेळताना हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. समोर माणसं असली की ‘तू जिंक’ असं मत कुणीच देत नाही. का द्यावं? त्याला हरायचंच असेल तरच. आणि दिलंच तर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा खेळाडू, ज्याला स्वतः जिंकायची आशा उरलेली नाही, तो किंगमेकर होतो. त्याचा राग-लोभ निकाल ठरवतो, आणि मग टेबलावर खरी भांडणं होतात. याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मला अजूनही १९५९ च्या ‘डिप्लोमसी’ या बोर्ड गेममध्येच दिसतं. सात सत्ता, ३४ केंद्रं, एकट्याने जिंकायचं तर १८ हवीत. तिथे मतदान नाही, फासेही नाहीत. बोलणी करायची, मग हुकूम लिहून एकाच वेळी उघडायचे. आणि कुणाचीच १८ होत नसतील तर उरलेल्यांनी बरोबरी मान्य करायची. बरोबरी हा तिथे सन्मानाचा शेवट मानतात.

एकटाच जिंकला पाहिजे हा हट्ट सोडला की वास्तव आपोआप जवळ येतं. सिंहस्थाचंच बघ. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव इथे रामकुंडात. पेशवाईतल्या वादातून ही वाटणी झाली आणि आजही ती पाळली जाते. त्या वादात कोण जिंकलं हे आज कुणी विचारत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ मधून डिप्लोमॅटिक व्हिक्टरी काढूनच टाकली आहे. इन्फ्लुअन्स हे चलन ठेवलं, पण विजयाच्या वाटा लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक. मला याचं वाईट वाटलं. मोडकी गोष्ट टाकून देण्यापेक्षा नीट करायला हवी होती. शब्द देणं आणि पाळणं यावर जिंकता येतं, हे दाखवणारे खेळ आधीच थोडे आहेत.

आता तुझ्या पुढच्या डावाचं. एकट्याने खेळणार असशील तर मधल्या काळापासून फेवर विकणं बंद कर. कुणीही १२-१३ गुणांवर पोचला की दर काँग्रेसच्या आधी क्रमवारी बघ. गुण कापायच्या ठरावासाठी निदान चार-पाच मतांचा साठा राखून ठेव, आणि बाकीच्या ठरावांवर फुकटच्या एका मतावर भागव. पुढे असलेल्याचा फेवर ज्या नगरराज्यांतून येतो तिथे दूत पाठवून ती आपल्याकडे वळव. कुठे आपत्ती आली आणि मदतीची स्पर्धा लागली तर त्यात उतर, कारण ते गुण तू घेतले नाहीस तर तोच घेणार. आणि हे सगळं करूनही हा नियम रुचत नसेल, तर डाव सुरू करताना अ‍ॅडव्हान्स्ड सेटअपमध्ये त्याच्यावरची खूण काढून टाक. त्यात कमीपणा काही नाही.

मित्रांबरोबर खेळणार असाल तर आमच्याकडची पद्धत घ्या. कुणी १६ गुणांवर आला की डाव थांबवायचा. पुढे असलेल्याने प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्यायची: मला जिंकू दिलंस तर उरलेल्या डावात तुला काय मिळेल. शहर, नगरराज्याचा ताबा, वीस टर्नचं संरक्षण, जे काही असेल ते. ज्याने चिठ्ठी स्वीकारली आणि ज्याला कबूल केलेलं सगळं पोचलं, तो दुसऱ्या क्रमांकाचा विजेता धरायचा. ज्याने नाकारली त्याला युद्ध पुकारायची मुभा, आणि मग चिठ्ठी घेतलेल्यांनी पुढच्याच्या बाजूने उतरलंच पाहिजे. पहिल्या दोन-तीन डावांत चिठ्ठ्या फार मोघम लिहिल्या जातात, ‘मदत करीन’ वगैरे. तशी चिठ्ठी सरळ परत करायची. किती टर्न, कुठलं शहर, किती सोनं, हे आकड्यात लिहून घ्यायचं.